क्रॉसवाला स्पायसर

आमच्या रूमवर टेबलावर पेपरवेट म्हणून एक लोखंडी अधिकचं चिन्ह ठेवलेलं आहे. तळहातावर मावेल एवढंच. चार दांड्यांपैकी तीन गुळगुळीत आणि चौथीवर बारीक उभ्या रेघांचे खड्डे. रूमवर येणारा प्रत्येकजण ते उचलतो, हातात फिरवतो आणि हे काय म्हणून विचारतो. मेकॅनिकलवाले विचारत नाहीत, ते ओळखतात; पण ते असं का झालं हे त्यांनाही माहीत नसतं. मी आजवर दहा-बारा जणांना ही कथा अर्धी-अर्धी सांगितली. मासिकाच्या संपादकांनी तगादा लावला, म्हणून आता एकदाच पूर्ण लिहून टाकतो. म्हणजे पुन्हा विचारणाऱ्याला अंकच हातात देता येईल!

तर हा आहे प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस. आणि ही कथा आहे क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या माणसाची, जो १९३९ मध्ये वारला आणि तरीही आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये आडवा आला.

(पुण्याच्या पोरांसाठी आधीच खुलासा: औंधचं स्पायसर कॉलेज या माणसाच्या नावाचं नाही. ते विल्यम स्पायसर या मिशनऱ्याच्या नावाचं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर त्याच कॉलेजचा फोटो लावला होता. असो.)

आधी प्रोजेक्टबद्दल. आमच्या मित्राला सगळे सरपंच म्हणतात. त्याच्या गावाकडे घरामागे एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप उभी होती. जीपच्याच घराण्यातली, फक्त चेसिस लांब आणि मागे हौदा. इंजिन जाम, पुढचा एक्सल वाकलेला, हौद्यात कोंबड्या. सरपंचाच्या वडिलांनी ती आम्हाला देऊन टाकली, अट एकच : गाडी त्यांच्या रानाच्या बाहेर न्यायची नाही. हे बरंच झालं, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि मनाला येईल तसं इंजिन बदलून गाडी रस्त्यावर काढता येत नाही. आमची गाडी रानापुरतीच राहणार होती. इंजिन आणि दोन्ही एक्सल बदलायचे आणि त्या बदलाचं प्लॅनिंग हाच रिपोर्ट, असं ठरलं.

प्लॅनिंगची सुरुवात आम्ही नेमकी उलट्या टोकाने केली. भंगारात एका टेम्पोचं डिझेल इंजिन स्वस्तात मिळत होतं, ते आधी घेतलं. मग त्याला गिअरबॉक्स जुळेना, म्हणून अडॅप्टर प्लेट बनवली. मग ती प्लेट आणि लांबुडकं इंजिन यांच्यामुळे गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस मिळून १४० मिलिमीटर मागे सरकले. वर्कशॉपमधले काका बघून हसले. त्यांचं म्हणणं, आधी टायर ठरवा. टायरवरून एक्सल ठरेल, एक्सलवरून रेशो, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी पैसे उरले तर रंग. आम्ही रंग आधीच आणलेला होता.

एक्सल मात्र चांगले मिळाले. जाड हाउसिंग, मोठा क्राउन-पिनियन. इंटरनेटवर अमेरिकन ऑफ-रोड गाड्यांचे फोटो बघितले की दोन नावं सारखी दिसतात, डाना ४४ आणि डाना ६०. ४४ च्या क्राउनचा व्यास साडेआठ इंच, ६० चा पावणेदहा. तिकडे मोठे टायर घालायचे म्हटलं की मंडळी या आकड्यांवर गप्पा मारतात, जशा आपण मेसमध्ये पोळ्यांच्या संख्येवर मारतो. आमचे एक्सल डाना नव्हते, पण बांधणी त्याच पद्धतीची : मधे ओतीव गोळा आणि त्यात दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेल्या नळ्या. हे डाना म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

मोठे टायर बसावेत म्हणून पाट्यांखाली ठोकळे देऊन गाडी ७५ मिलिमीटर उचलली. आता भूमिती बघा. आधी ट्रान्स्फर केसपासून मागच्या पिनियनपर्यंत आडवं अंतर ७८५ आणि उतार १५० मिलिमीटर होता, म्हणजे शाफ्टचा कोन जवळजवळ ११ अंश. गिअरबॉक्स मागे आला, गाडी वर गेली; अंतर ६४५, उतार २२५, कोन १९ अंशांच्या वर. हे आम्हाला कळत होतं, आम्ही अगदीच ढ नव्हतो. म्हणून आम्ही एका अमेरिकन पिकअपचा फोटो समोर ठेवून तसाच उपाय केला. हाउसिंगवरचे पाट्यांचे पॅड कापले, हाउसिंग फिरवलं आणि पिनियनचं तोंड वर, थेट ट्रान्स्फर केसकडे करून पुन्हा वेल्ड केलं. खालचा जॉइंट जवळजवळ सरळ झाला. वरचा सगळा वाकडेपणा एकट्या वरच्या जॉइंटवर. दिसायला काम फोटोसारखंच झालं. फोटोत वरच्या टोकाला एकाला एक लागून दोन जॉइंट होते, हे मात्र आमच्या लक्षात आलं नाही. आम्ही एकच लावला.

ट्रायलच्या दिवशी नांगरलेल्या रानात गाडी ताशी वीसच्या आसपास होती. मी गाडी चालवत होतो आणि सरपंच हौद्यात उभा राहून व्हिडिओ काढत होता. आधी बुडाखाली गुरगुर सुरू झाली. मला वाटलं ढेकळं. मग वरच्या जॉइंटचं एक लॉक उडालं, कप सुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून जमिनीत रुतलं. गाडी पुढे जातेय आणि शाफ्ट जमिनीत... बांबूउडी मारणाऱ्या खेळाडूसारखी मागची बाजू वर गेली. सरपंच हौद्याच्या कडेवर हनुवटीने आपटला. पाच टाके. शाफ्ट आणखी हातभर मागे असता तर हौद्याचा पत्रा फाडून थेट त्याच्या पायात घुसला असता. त्या रात्री तालुक्याच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मी काय काय विचार केले, ते इथे लिहीत नाही.

पुढच्या रिव्ह्यूला सरांनी शांतपणे तो तुटका जॉइंट हातात घेतला आणि विचारलं की हा कुणाचा आहे. सरपंचाने टाके घातलेल्या तोंडाने सांगितलं की ऑटोपार्टच्या दुकानातला. सरांनी फळ्यावर एकच नाव लिहिलं, स्पायसर, आणि पुढच्या आठवड्यात या माणसावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं. शिक्षा म्हणूनच दिली होती ती. पंधरा मिनिटांचे दोन महिने कधी झाले कळलं नाही.

क्लॅरेन्स विन्फ्रेड स्पायसरचा जन्म ३० नोव्हेंबर १८७५ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेतकरी घरातला. वडिलांचा दुधाचा व्यवसाय, लोणी काढायचं केंद्र. पोरगा गाईंपेक्षा तिथल्या यंत्रांमध्ये जास्त रमायचा. आपल्याकडेही प्रत्येक गावात असा एक मुलगा असतोच, मोटरपंप बंद पडला की ज्याला झोपेतून उठवतात. १८९१ ते १८९४ तो न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड अकॅडमीत शिकला. मग घरी परतला, १८९६ मध्ये लग्न केलं. आणि नंतर, संसार सुरू झाल्यावर, पंचविशीच्या आसपास कॉर्नेल विद्यापीठाच्या सिब्ली कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला.

इथे थोडं थांबतो. आपल्या हॉस्टेलवर पंचविशीतला एखादा सीनियर आला तर आपण त्याला काका म्हणून हाक मारतो. हा माणूस बायको आणि कच्चीबच्ची सांभाळत वर्गात बसत होता. त्यामुळे मी त्याला अरेतुरे करतोय ते फक्त विद्यार्थी म्हणून. कंपनी निघाली की अहोजाहो करीन.

सिब्ली म्हणजे साधंसुधं ठिकाण नव्हतं. तिथले प्रमुख रॉबर्ट थर्स्टन, अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष. प्रयोगशाळेत हात काळे केल्याशिवाय इंजिनिअर होत नाही असं मानणाऱ्यांपैकी ते एक. अशा जागी स्पायसरने विद्यार्थी असतानाच एका मोटारगाडीचं डिझाइन करायला घेतलं. १९०२ सालची गोष्ट. त्या काळी मोटारगाडी म्हणजे बहुतेक वेळा चेन ड्राइव्ह. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत सायकलसारख्या साखळीने जायची. साखळी ताणायची, चिखल खायची, आवाज करायची, तेल मागायची आणि तेल दिलं की त्यावर धूळ बसायची. स्पायसरला हे पटेना. त्याला शाफ्ट हवा होता.

आता कुणी म्हणेल की शाफ्टमध्ये काय विशेष. खरंच आहे, शाफ्टने गाडी चालवायची कल्पना त्याची नव्हेच. फ्रान्समध्ये लुई रेनॉने १८९८ मध्येच शाफ्टची गाडी बनवली होती. आणि वाकड्या कोनात फिरवणारा जॉइंट तर शेकडो वर्षं जुना. इटलीचा कार्डानो सोळाव्या शतकातला आणि इंग्लंडचा रॉबर्ट हूक सतराव्या शतकातला, या दोघांची नावं त्याला आजही आहेत. आपण टीओएमच्या पेपरात हूक्स जॉइंटवर सहा मार्कांचं डेरिव्हेशन लिहितो, ते याचंच. मग स्पायसरने केलं काय?

त्याने तो जॉइंट झाकला! मला आधी वाचून हसू आलं होतं. पण विचार करा. इंजिन स्प्रिंगवरच्या चेसिसला बांधलेलं, एक्सल स्प्रिंगच्या खाली उड्या मारतोय. मधला जॉइंट क्षणाक्षणाला कोन बदलतो, शिवाय पूर्ण टॉर्क अंगावर घेतो आणि हे सगळं घोड्यांच्या रस्त्यावरच्या धुळीत. उघडा जॉइंट धूळ खाऊन लवकरच खिळखिळा होणार. स्पायसरने त्याला गोलाकार आवरण दिलं, ज्यात वंगण आत राहील, धूळ बाहेर राहील आणि तरीही जॉइंटला वाकता येईल. १९०३ मध्ये त्याला पेटंट मिळालं तेही युनिव्हर्सल जॉइंटच्या आवरणाचं. माझ्या मते इथेच त्याचं इंजिनिअरिंग दिसतं. हूकने जॉइंट विचारात आणला; रोजच्या गाडीखाली वर्षानुवर्षं टिकेल असा जॉइंट कारखान्यात बनवता येईल हे स्पायसरने पाहिलं.

गंमत अशी की त्याची गाडी राहिली बाजूला. चौकश्या आल्या त्या जॉइंटच्या. गाडी बनवणाऱ्यांकडे इंजिन होती, एक्सल होते. दोघांना जोडणारा भरवशाचा तुकडा हवा होता. आणि १९०४ मध्ये स्पायसरने कॉर्नेल सोडलं. सेमिनारच्या दिवशी मी हे वाक्य म्हटल्यावर मागच्या बाकावरून टाळ्या पडल्या. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि टाळ्या बंद झाल्या. मला स्वतःला त्यात टाळ्यांसारखं काही वाटत नाही. घरी बायको-मुलं, उत्पन्न काही नाही आणि खिशात एक पेटंट. पेटंटाची मुदत मर्यादित, बाजार गरम. थांबला असता तर दुसऱ्या कुणीतरी झाकण बसवलं असतं. चार वर्षं पूर्ण करायची की आत्ताच जायचं, याची किंमत त्याच्या घरात आधी इतरांना मोजावी लागणार होती.

तो न्यू जर्सी राज्यातल्या प्लेनफिल्ड गावी गेला. तिथे पॉटर प्रिंटिंग प्रेस नावाची छपाईयंत्रं बनवणारी कंपनी होती. तिच्या कारखान्यात थोडी जागा घेऊन १ एप्रिल १९०४ पासून स्पायसर यांनी जॉइंट बनवायला सुरुवात केली. (आता अहोजाहो.) प्लेनफिल्डच का? स्पायसर घराणं सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट पंथाचं, शनिवार पाळणारं. हा पंथ छोटा आणि प्लेनफिल्ड हे त्याचं मोठं केंद्र. पॉटर कुटुंबही त्याच पंथातलं. आपल्याकडे पोरगा पहिल्यांदा पुण्या-मुंबईला गेला की गावच्या माणसाच्या खोलीवर उतरतो, तसंच हे असावं असं मला वाटतं.

१९०५ मध्ये रीतसर कंपनी झाली, स्पायसर युनिव्हर्सल जॉइंट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. एवढं लांब नाव बहुधा कुणालाच झेपलं नाही, १९०९ मध्ये ते नुसतं स्पायसर मॅन्युफॅक्चरिंग झालं. १९१० मध्ये शेजारच्या साउथ प्लेनफिल्डला स्वतःचा कारखाना. साखळ्या मागे पडत गेल्या, शाफ्ट वाढत गेले. वाटावं की आता सुखाचे दिवस. पण गाड्यांचा धंदा फुगत असताना त्याला सुटे भाग पुरवणाऱ्याला यंत्रं, पोलाद आणि पगार यासाठी आधी पैसा ओतावा लागतो. १९१४ च्या सुमारास कंपनीला पैशांची चणचण भासू लागली.

इथे चार्ल्स डाना येतात. हो, तेच ते ४४ आणि ६० वाले डाना! हे गृहस्थ इंजिनिअर नव्हते. कोलंबियाचे वकील, न्यूयॉर्कच्या विधिमंडळात बसलेले, आणि हॅरी थॉ नावाच्या कोट्यधीशाच्या गाजलेल्या खून खटल्यात सरकारी वकिलांचे मदतनीस. त्यांनी कंपनीत पैसा घातला आणि १९१६ मध्ये ते अध्यक्ष झाले. स्पायसर तांत्रिक बाजू सांभाळत राहिले. १९१९ मध्ये कंपनीने सॅलिसबरी ही एक्सल बनवणारी कंपनी घेतली. आमच्या एक्सलची जी बांधणी वर सांगितली, ओतीव गोळा आणि दाबलेल्या नळ्या, तिला सॅलिसबरी पद्धतच म्हणतात. पुढे कंपनी ओहायोतल्या टोलिडोला गेली. जॉइंटवाल्यांकडे आता एक्सल, फ्रेम, क्लच, गिअरबॉक्स असं इंजिन सोडून जवळपास सगळंच होतं.

स्पायसर यांनी कंपनी गमावली की वाचवली? आमच्या रूमवर यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद झाला. सरपंचाचं मत, वकिलाने गिळली. माझं मत वेगळं आहे. कागदावर सही कुणाची यापेक्षा ड्रॉइंग बोर्डावर कोण हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं, तशा लोकांपैकी ते दिसतात. मालकी सैल झाल्यावरही पुढची वीसेक वर्षं ते सुधारणा करत राहिले. साध्या बुशांच्या जागी क्रॉसभोवती सुईसारखे बारीक रोलर याच काळात रुळले. माझ्या टेबलावरच्या क्रॉसवर ज्या रेघा उमटल्यात, त्या याच सुयांच्या. रेल्वेच्या डब्याखालच्या चाकावरून जनरेटर फिरवायची ड्राइव्हसुद्धा या कंपनीने बनवली. २१ नोव्हेंबर १९३९ ला स्पायसर गेले, चौसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना. १९४६ मध्ये कंपनीचं नाव बदलून डाना कॉर्पोरेशन झालं. स्पायसर हे नाव मालावर राहिलं. म्हणजे मालकाचं नाव एक्सलला आणि इंजिनिअरचं नाव जॉइंटला.

पण आमच्या प्रोजेक्टला खरा धागा सापडला तो स्पायसर गेल्यानंतरच्या वर्षात. जून-जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीसाठी निविदा काढली, पहिली गाडी ४९ दिवसांत हजर करायची. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. प्रॉब्स्ट डेट्रॉइटहून निघाले आणि बँटमच्या कारखान्यात पोहोचण्याआधी वाटेत टोलिडोला स्पायसरवाल्यांकडे थांबले! का, ते आमच्या काकांना न शिकता कळलं असतं. बाकी सगळं बाजारात मिळेल, पण पुढचा चालणारा एक्सल नसेल तर गाडीच नाही. स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या मोटारीचा एक्सल घेऊन त्यात फेरफार करायचे असं ठरलं. इंजिन काँटिनेंटलचं, गिअरबॉक्स वॉर्नरचा, ट्रान्स्फर केस आणि एक्सल स्पायसरचे. दोन दिवसांत ड्रॉइंग, आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी होलाबर्डच्या छावणीत पोहोचली, मुदत संपायला अर्धा तास राहिलेला असताना. वजनाची अट १३०० पौंडांची, गाडी भरली २००० च्या वर. ती अट सैन्यालाच सोडावी लागली.

जीप म्हणून आपण ज्या घराण्याला ओळखतो त्याचा जन्म असा, दुसऱ्यांच्या इंजिन-एक्सलची जुळवाजुळव करून झालेला. विलीजची जीप चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला महिंद्राने जोडायला घेतली, आणि सरपंचाची कोंबड्यांची पिकअप त्याच वंशातली. आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या शेकडो जीप याच परंपरेत बसतात.

मग आम्ही सगळा हिशोब पुन्हा मांडला. या वेळी सुरुवात मधल्या तुकड्यापासून. युद्धकाळातल्या विलीज जीपचं इंजिन साधारण १४२ न्यूटन मीटर टॉर्कचं. पहिला गिअर २.६६५, ट्रान्स्फर केसचा लो १.९७, गुणाकार केला की शाफ्टवर ७४५ च्या आसपास. आमच्या डिझेलचा टॉर्क याच्या दीडपट, म्हणजे तसेच गिअर धरले तरी शाफ्टवर ११०० च्या पुढे. आम्ही मात्र दुकानात जाऊन जुन्या मापाचाच क्रॉस मागितला होता. इंजिन बदललं, एक्सल बदलले आणि या दोघांचं भांडण ज्याच्या अंगावर येणार तो गडी जुनाच ठेवला.

आणि कोन. हूक्स जॉइंट वाकडा फिरला की बाहेरचा वेग एकसारखा राहत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे पडतो. किती, ते कोनाच्या कोसाइनवर. ११ अंशांना दोन टक्क्यांहून कमी, १९ अंशांना सहा टक्क्यांच्या आसपास. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक एका रेषेत असतील तर एक जॉइंट जे बिघडवतो ते दुसरा निस्तरतो. आम्ही पिनियन वर फिरवून खालचा कोन जवळजवळ घालवला, म्हणजे निस्तरणाऱ्यालाच घरी पाठवलं. वर तिथे जोडजॉइंट असता तर फोटोसारखं चाललं असतं. हे सगळं डेरिव्हेशन मी दोन वेळा पेपरात लिहून मार्क मिळवलेत, हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

दुसऱ्या प्लॅनमध्ये पंखा काढून इलेक्ट्रिक लावला, त्यामुळे इंजिन ६० मिलिमीटर पुढे गेलं. ठोकळे बारीक केले, उचल ७५ वरून ४० वर आली. अंतर ७०५, उतार १९०, कोन १५ अंश. पिनियन पुन्हा ट्रान्स्फर केसच्या रेषेला समांतर केला. क्रॉस एक माप मोठा घेतला आणि त्याला जुळणारे योक शोधायला तीन रविवार गेले. शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती लोखंडी पट्टीची कडी बसवली, जॉइंट सुटला तरी शाफ्ट जमिनीला लागू नये म्हणून. कोन मात्र १५ म्हणजे जास्तच आहे. वेगाने पळणाऱ्या गाडीला हा चालणार नाही. रानात, लो गिअरमध्ये, चालतंय.

दुसऱ्या ट्रायलला काका स्वतः आले. त्यांनी गाडीखाली सरकून दोन्ही योकवर कोनमापी धरला, आकडे मला खडूने चाकावर लिहायला लावले, आणि मग हौद्यात कुणी बसणार नाही अशी ताकीद दिली. सरपंचाला हौद्यात चढायची हौस उरलीच नव्हती. तो बांधावर उभा राहून व्हिडिओ काढत होता. गाडी चिखलातून, चढावरून, परत खाली अशी चाळीस मिनिटं फिरली. खाली उतरून मी आधी जॉइंटला हात लावून बघितला. कोमट होता.